अ‍ॅडव्होकसीचं पाच दिवसांचं निवासी ट्रेनिंग : नऊ महिन्यांनंतर लिहितेय

नऊ महिने झाले अ‍ॅडव्होकसीचं, म्हणजे लोकांची मागणी सरकारकडं लावून धरायला शिकवणारं, हे ट्रेनिंग करून. परत आल्याआल्याच लिहिणार होते पण मुद्दाम थांबले, कारण ट्रेनिंगहून आल्यावर पहिले आठ दिवस सगळंच भारी वाटत असतं, खरं काय हाताला लागलं ते एक अख्खा सीझन गेल्यावरच कळतं. आता साखर कारखान्यांचे पट्टे पडायला, म्हणजे गाळप बंद व्हायला लागलंय, माणसं गावाकडं परतताहेत, सीझनचा हिशोब समोर आहे, म्हणून आज बसले लिहायला. मोठं होणार आहे, पण ज्यांच्या छोट्या संस्था आहेत त्यांनी पूर्ण वाचा, साडेसात हजार रुपये आणि पाच दिवस कमी नसतात आपल्यासाठी.

आधी आमच्याबद्दल. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली आमची संस्था, पगारावर सात माणसं, अकरा गावं. काम ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधल्या पोरांच्या शाळेचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, दसरा-दिवाळीच्या मागंपुढं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते, आणि मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कुठल्यातरी कारखान्याच्या फडात. पोरं बरोबर गेली की शाळा बुडाली. त्यात पोरगी दहा-बारा वर्षांची असेल तर ती कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळत बसणार आणि पुढच्या वर्षी शाळेत यायचंच बंद. यावर सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, गावातच, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते, पोरं आजी-आजोबांकडं राहतात आणि जेवणाखाण्याची सोय वसतिगृहात होते. योजना खरंच चांगली आहे, मी ती चाललेली बघितली आहे. फक्त ती वेळेवर सुरू व्हायला पाहिजे. आमच्या गावांमध्ये मंजुरी हातात पडेपर्यंत ट्रक निघून गेलेले असायचे, मग रिकाम्या खोलीत वसतिगृह सुरू करून काय उपयोग.

तर या एका गोष्टीसाठी आम्ही सात वर्षं निवेदनं देत होतो. दर ऑक्टोबरला. आमचे अध्यक्ष सर (आमच्याकडं सगळे त्यांना सरच म्हणतात) पाच-सहा जणांना घेऊन जायचे, साहेबांच्या हातात निवेदन, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, बातमीचं कात्रण फाइलला. सरांचा शब्द आमच्या भागात चालतो, त्यांनी आयुष्य घातलंय या कामात, त्यामुळं आम्हाला वाटायचं की आपण अ‍ॅडव्होकसी करतोच आहोत, अजून काय शिकायचं. शेवटी एका फंडरच्या, म्हणजे आम्हाला निधी देणाऱ्या संस्थेच्या, मॅडम म्हणाल्या की जाऊन तर बघा, एकाची फी आम्ही देतो. म्हणून गेलो.

फी माणशी साडेसात हजार, राहणं-जेवण धरून. एका संस्थेतून दोघं आलेच पाहिजेत अशी अट आहे, आणि त्यातलं एक जण प्रत्यक्ष गावात काम करणारं पाहिजे, दोघंही ऑफिसमधले चालत नाहीत. मला आधी ही अट पैसे काढण्यासाठी वाटली होती. आता वाटतं पूर्ण ट्रेनिंगमधली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच आहे. मी ऑफिस बघते, माझ्याबरोबर आमची फिल्डवरची ताई आली, तिचे आईवडील वीस-बावीस वर्षं कोयता घेऊन जायचे, ती स्वतः कोपीवर वाढलेली आहे, बारावी तिनं नंतर बाहेरून केली.

घरचा अभ्यास आधीच पाठवला होता, संस्थेनं मागच्या पाच वर्षांत दिलेली सगळी निवेदनं घेऊन या. आम्ही सगळी कपाटं उपसली, तेवीस निवेदनं निघाली. पहिल्या दिवशी सगळ्या संस्थांना जमिनीवर बसवून ती निवेदनं पसरायला लावली आणि साधे चारच प्रश्न विचारले. याची पोच आहे का. आवक नंबर, म्हणजे ऑफिसच्या नोंदवहीतला नंबर, आहे का. हे आज कोणाच्या टेबलावर आहे. आणि दिल्यानंतर तिसाव्या दिवशी तुमच्यापैकी कोण विचारायला गेलं होतं. आमच्या तेवीसपैकी नऊवर पोच होती, आवक नंबर दोनवर, आणि उरलेल्या दोन प्रश्नांचं उत्तर आमच्याकडं नव्हतंच. शेजारच्या ग्रुपचंही तेच, त्यांच्याकडं तर कलेक्टर ऑफिसला दिलेल्या निवेदनाची मूळ प्रतच त्यांच्या फाइलला होती, म्हणजे दिलंच नव्हतं, फोटो काढून परत आणलं होतं. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. ट्रेनर ताई कोणाला काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की चहा घेऊन या, मग बोलू. आमची ताई मला चहाच्या लाइनीत म्हणाली, सात वर्षं गं, सात वर्षांत किती पोरी गेल्या आपल्या.

ट्रेनर तिघं होते. एक या ताई, त्यांनी पंचवीस वर्षं संस्थांमध्येच काढली आहेत. एक वकील. आणि एक निवृत्त अधिकारी, ज्यांची नोकरीची बरीच वर्षं मंत्रालयात कार्यासनावर (एकेका विषयाच्या फाइली जिथं हाताळतात तिथं) गेली. या काकांचा दीड दिवस, नुसत्या तेवढ्यासाठी मी पुन्हा पैसे भरून जाईन.

काकांनी काय केलं, तर शासन निर्णय, म्हणजे जीआर, वाचायला शिकवलं. तुम्ही म्हणाल जीआर काय वाचता येत नाही का, आम्हीही वाचत होतोच, म्हणजे मधला भाग वाचत होतो, आपल्याला काय मिळणार तेवढा. काकांनी सांगितलं की आधी वरचं 'वाचा' बघायचं, तिथं मागचे सगळे जीआर आणि पत्रं नंबर-तारखेसकट दिलेली असतात, त्यावरून हा विषय कुठून सुरू झाला आणि कोणी ढकलला ते कळतं. मग प्रस्तावना, कारण सरकारनं स्वतःच तिथं प्रॉब्लेम मान्य केलेला असतो, तुमच्या निवेदनात तेच वाक्य तसंच्या तसं वापरा, सरकारला स्वतःचं वाक्य नाकारता येत नाही. मग शेवटी सही कोणाची आहे, अवर सचिव की उपसचिव, आणि कुठलं कार्यासन. आणि सगळ्यात शेवटी 'प्रत', जी आपण कधीच वाचत नाही. प्रतीच्या यादीत ज्यांची नावं आहेत त्यांना हा आदेश कळवलेला आहे, म्हणजे 'आम्हाला माहीत नाही' असं त्यांना म्हणता येत नाही, आणि ज्याचं नाव तिथं नाही त्याच्या दारात उन्हात बसून उपयोग नाही. संकेतांक सुद्धा लिहायला शिकवला, जीआरच्या खाली लांबलचक आकडा असतो तो, निवेदनात तो टाकला की समोरच्याला दोन मिनिटांत साइटवर सापडतो आणि 'बघतो, शोधावं लागेल' हे कारण संपतं.

मग त्यांनी फळ्यावर एका फाइलचा प्रवास काढला. अर्ज आवक शाखेत, तिथून टेबलावर, टिप्पणी (फाइलवरचा अभिप्राय) कोण लिहितो, ती कक्ष अधिकाऱ्याकडं, मग अवर सचिव, उपसचिव, कुठं वित्त विभागाचा अभिप्राय लागतो, आणि कुठल्या टप्प्यावर कागद नुसता एका शेऱ्यानं मागं फिरतो. आपण मोठ्या साहेबांना भेटून खूश होतो पण टिप्पणी लिहिणारा माणूस वेगळाच असतो आणि त्याला तुमचा विषय समजला नसेल तर तो समजेल तसं लिहितो. त्यांनी प्रत्येक संस्थेला एकच तक्ता भरायला लावला, आपल्या मागणीवर शेवटची सही कोणाची आणि त्या सहीच्या आधी किती सह्या. आमचा तक्ता भरायला साडेतीन तास लागले. आणि त्यात कळलं की सात वर्षं आम्ही ज्या ऑफिसला जात होतो त्यांच्याकडं मंजुरीचा अधिकारच नव्हता, ते फक्त वरती पाठवणारे होते.

दुसरी मोठी गोष्ट वेळेची. आम्ही ऑक्टोबरला जायचो कारण ऑक्टोबरला आम्हाला गरज दिसायची. पण जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक आर्थिक वर्षाच्या आधीच तयार होतं, जिल्हा नियोजनचा आराखडा हिवाळ्यात बनायला लागतो, राज्याचं बजेट मार्चमध्ये. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरमध्ये, तोपर्यंत ऊसतोड निम्म्यावर आलेली असते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुम्ही कितीही ओरडा, त्या वर्षाचे पैसे कुठं जायचे ते ठरून गेलेलं असतं, अधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. आणि इकडं गावात उचल तर उन्हाळ्यात-पावसाळ्यात वाटून होते, कुठलं घर जाणार ते जुलैमध्येच अख्ख्या गावाला माहीत असतं! आम्हालाही माहीत असायचं. पण आम्ही ती यादी कधी जुलैमध्ये कागदावर आणलीच नव्हती.

तिसरा दिवस वकिलांचा आणि थिअरीचा. वकिलांचं सेशन चांगलं होतं, कारण सगळ्या संस्थांच्या पोटात एकच भीती असते, आपण सरकारला प्रश्न विचारला तर १२ए (आयकर सवलतीची नोंदणी) जाईल, एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची परवानगी) जाईल, धर्मादाय आयुक्तांची नोटीस येईल. आमच्या विश्वस्तांमध्ये दोन ज्येष्ठ काका आहेत, प्रत्येक मीटिंगला हेच म्हणतात की राजकारणात पडायचं नाही. वकिलांनी फरक नीट समजावला, पक्षाचा प्रचार, उमेदवाराला पाठिंबा, पक्षाला पैसे हे आपल्याला चालणारच नाही, पण कायद्यात लिहिलेली गोष्ट मिळावी म्हणून अर्ज करणं, माहिती मागणं, आमदारांना भेटून प्रश्न मांडायला सांगणं हे राजकारण नाही. इन्साफ संघटनेच्या केसमध्ये मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की लोकांच्या हक्कासाठी बंद-हरताळ-रास्ता रोको सारख्या मार्गांना पाठिंबा दिला एवढ्यावरून संस्था राजकीय ठरत नाही, सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षाच्या राजकारणाशी संबंध असेल तर गोष्ट वेगळी. त्याच वर्षी एफसीआरए कायदा कडक झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, त्यामुळं परदेशी पैसा असलेल्यांनी अ‍ॅडव्होकसीचा प्रवास, पगार कुठल्या हेडखाली दाखवायचा ते सीएला आधी विचारून घ्या असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी हे सगळं दोन पानांत लिहून विश्वस्तांच्या मीटिंगला वाचून दाखवलं आणि पहिल्यांदा ठराव झाला, 'शासन योजनांच्या अंमलबजावणीसाठी पाठपुरावा हा संस्थेच्या कामाचा भाग राहील.' एका ओळीचा ठराव आहे पण त्यामुळं मला आता प्रत्येक पत्राआधी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

दुपारनंतर मात्र निराशा. चार तास पीपीटी, अर्धी इंग्रजीत, बाहेरच्या देशांतल्या कॅम्पेनची उदाहरणं, बाण आणि गोल असलेले चार्ट. फिल्डवरून आलेली निम्मी माणसं वहीत काहीच लिहीत नव्हती. ताईला मी एकेक स्लाइड कानात सांगत होते आणि तेवढ्यात पुढची स्लाइड यायची. हे बदलाच, मी फीडबॅक फॉर्मवरही लिहिलं होतं. आपल्याकडं उदाहरणं कमी आहेत का? त्यांनीच चौथ्या दिवशी सकाळी दिलेली दोन उदाहरणं आजपर्यंत आमच्या ऑफिसात बोलली जातात.

एक राजस्थानचं, मजदूर किसान शक्ती संघटनेचं. १९९४ च्या डिसेंबरमध्ये कोटकिरानाला त्यांची पहिली जनसुनवाई झाली, मजुरांचे मस्टर (हजेरीपट) आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली आणि कामावर न गेलेल्यांची नावं, खोटी बिलं लोकांनीच उभं राहून सांगितली. मग माहितीचा हक्क मिळावा म्हणून १९९६ ला ब्यावरला ४० दिवस धरणं, आणि माहितीच्या अधिकाराचा केंद्राचा कायदा २००५ ला. (आपल्या राज्याचा स्वतःचा कायदा त्याच्या आधी, २००२ चा.) दुसरं उदाहरण आपल्याच गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रोजगार हमीच्या मजुराला दिवसाला ४ रुपये मिळत होते, डॉक्टरांनी ते ज्या हिशोबावर ठरवले होते तो हिशोबच घेतला आणि तो चुकलाय हे आकड्यांनी दाखवून दिलं, त्यांच्या मांडणीत मजुरी १२ रुपये निघत होती. घोषणेपेक्षा समोरच्याचाच हिशोब समोरच्याला दाखवणं किती जोरदार असू शकतं हे मला तिथं कळलं. ताईनं हे उदाहरण वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

चौथ्या दिवशी दुपारी रंगीत तालीम. काका साहेब झाले, टेबल-खुर्ची, समोर दोन फोन, आणि प्रत्येक संस्थेला सहा मिनिटं. मध्ये फोन वाजणार, शिपाई चहा आणणार, साहेब दुसऱ्याच फाइलवर सही करणार, जसं खरं होतं तसं. आधी मी बोलले. संस्थेची स्थापना, उद्दिष्टं, किती गावं, किती पुरस्कार, यातच चार मिनिटं गेली आणि मागणी सांगायच्या आत साहेब उठले. मग दुसऱ्या फेरीत ताई. तिनं एकच कागद पुढं ठेवला. म्हणाली, साहेब, आमच्या एका गावातनं मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन ट्रक गेले, त्यात एक्केचाळीस पोरं गेली, त्यांची नावं या कागदावर आहेत. वसतिगृहाची मंजुरी एकोणीस डिसेंबरला आली. मंजुरी पंधरा ऑक्टोबरच्या आत मिळाली तर यातली तीस-पस्तीस पोरं थांबतात, त्यांच्या आज्यांनी अंगठे दिलेत मागच्या बाजूला. मग गप्प बसली. दीड मिनिट झालं असेल. काकांनी कागद उलटून अंगठे बघितले, आणि ते रोल सोडून म्हणाले, ताई, तुम्ही हेच बोला, एक शब्द वाढवू नका. त्या दिवसापासून आमच्या संस्थेत साहेबांसमोर आधी गावातलं माणूस बोलतं. सरांना हे सांगायला मला जड गेलं होतं, खरं सांगते. पण ते ऐकून घेऊन म्हणाले की मी दाराशी थांबतो, तुम्ही आत जा. मोठं मन लागतं त्याला.

माहितीच्या अधिकाराचं सेशन ठीक होतं, आम्हाला बरंचसं माहीत होतं, अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस, पहिल्या अपिलाला २० रुपये वगैरे. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, तेव्हा पाल्हाळ लावू नका, आणि 'का केलं नाही' असं विचारू नका, त्यापेक्षा 'अमुक प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता त्या नोंदीची प्रत द्या' असं मागा, ही टीप मात्र सोन्यासारखी निघाली. सोशल मीडियाच्या सेशनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रील कसं बनवायचं ते आमच्या पोरांना आमच्यापेक्षा चांगलं येतं.

शेवटच्या दिवशी एक व्यायाम होता, आपल्या मागण्या लिहा आणि आता त्यातल्या निम्म्या खोडा. त्या आधी ट्रेनर ताई जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल बोलल्या, डॉ. दाभोलकर किती वर्षं त्या मसुद्याच्या मागं होते, किती वेळा तो बदलला, कापला गेला, काय सोडायचं आणि काय काही झालं तरी सोडायचं नाही हे ठरवत ठरवत ते आणि त्यांचे कार्यकर्ते टिकून राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला, आणि तो बघायला ते नव्हते. ट्रेनर ताईंचा आवाज भरून आला होता. त्यानंतर आम्ही आमची यादी घेतली, नऊ मागण्या होत्या, जास्तीचा मदतनीस, अंथरूण-पांघरूण, अभ्यासाला दिवे, सगळ्याच खऱ्या आणि गरजेच्या. खोडत खोडत एकच ठेवली. तारीख. मंजुरी १५ ऑक्टोबरच्या आत.

आता परत आल्यावर काय झालं ते, कारण रिव्ह्यूचा खरा भाग हाच आहे.

जूनमध्ये आवक-जावक रजिस्टर घातलं, प्रत्येक पत्राला एक मालक, म्हणजे ज्याच्या नावावर ते पत्र आहे त्यानंच तिसाव्या दिवशी जायचं. जुलैमध्ये शाळा व्यवस्थापन समित्यांना घेऊन घरोघर फिरून जाणाऱ्या घरांची यादी केली. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत पाऊण पालक आणि निम्म्या बायका असायला पाहिजेत, आमच्या चार गावांत समिती नुसती कागदावर होती, तिथं ती पुन्हा बसवण्यातच महिना गेला, आणि हे काम ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, ते रस्त्यात सापडलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या राजस्थानवाल्यांसारखी यादी मोठ्यानं वाचली. एका गावात वाचता वाचता एक म्हातारी उठली आणि म्हणाली माझा नातू राहिला की, लिहा त्याचं. दुसरीकडं तीन नावं चुकीची निघाली, ती घरं यंदा जाणारच नव्हती, लोकांनीच सांगितलं. ठराव झाले. अकरा गावांचे अकरा ठराव, यादीसकट, ऑगस्टच्या शेवटी बरोबर त्या टेबलावर जिथं सही होते, आणि खालच्या ऑफिसला प्रत. लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकांच्या तक्रारी ऐकतात तेव्हा, ताई आणि दोन आज्या गेल्या. आमदार साहेबांना अधिवेशनासाठी तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या) मसुदा करून दिला, तो लागला नाही, पण त्यांच्या पीएनं फोन केला त्याचा खाली परिणाम झाला असं मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही.

अकरापैकी सात गावांची मंजुरी दिवाळीच्या आधी आली. सात वर्षांत पहिल्यांदा. दोन गावांची डिसेंबरमध्ये आली, जुनंच रडगाणं, आणि दोन गावांची आलीच नाही, तिथं पट संख्येचा मुद्दा काढला होता आणि आमचं उत्तर पोहोचायला उशीर झाला, तो उशीर आमच्याकडूनच झाला. सात गावांत मिळून एकशे चौसष्ट पोरं थांबली. त्यातल्या एकोणीस पोरी सातवी-आठवीतल्या, ज्या हमखास गेल्या असत्या. जानेवारीत एका वसतिगृहात रात्री गेले होते, पोरी ओळीनं बसून पिठलं-भाकरी खात होत्या आणि एक जण ताईला म्हणाली, आई फोनवर विचारते आठवण येते का, मी सांगते येते पण परीक्षा आहे.

सगळं श्रेय ट्रेनिंगला देता येणार नाही, यंदा आलेल्या अधिकारी मॅडमही समजूतदार आहेत, पुढच्या वर्षी बदली झाली तर काय होईल माहीत नाही. पण त्या मॅडमना ऐकवायला आमच्याकडं या वेळी कागद होता, तारीख होती आणि बोलणारं माणूस होतं, हे ट्रेनिंगमुळंच.

आता तक्रारी, म्हणजे सुधारणा होईल.

ट्रेनिंगनंतर चार महिने दरमहा एक फोन, मार्गदर्शनासाठी, असं फी घेताना सांगितलं होतं. दोनच आले. नेमका सप्टेंबरमध्ये, जेव्हा पट संख्येचं पत्र आलं आणि आम्हाला चोवीस तासांत उत्तर कसं लिहायचं ते विचारायचं होतं, तेव्हा तीन दिवस कोणी उचललं नाही. त्या दोन गावांचं मला फार वाईट वाटतं. हे फोन फुकट नव्हते, फीमध्ये धरलेले होते, तेव्हा ते पाळले पाहिजेत.

फी छोट्या संस्थांना जास्त आहे. आम्हाला फंडरनं एकीची दिली, दुसरीची आम्ही स्टेशनरीच्या पैशातून काढली. ज्या बायका गावपातळीवर बचत गट, महिला मंडळ चालवतात, त्यांनी कुठून आणायचे पंधरा हजार दोघींचे? सवलतीच्या जागा ठेवा, चार तरी. आणि फंडरकडं पाठपुराव्यासाठी पैसे कसे मागायचे यावर अख्ख्या पाच दिवसांत वीस मिनिटं होती. प्रोजेक्टमध्ये पोरांच्या वह्यांना पैसे मिळतात, पण ताई सहा वेळा जिल्ह्याला गेली त्या एसटीच्या तिकिटांना हेड नाही, झेरॉक्सला नाही, तिच्या त्या दिवसांच्या पगाराला तर नाहीच. यावर अर्धा दिवस द्या, पीपीटीचा काढा आणि याला द्या. आम्ही शेवटी आमचाच एक साधा तक्ता केला, महिन्याला प्रवास किती, झेरॉक्स-स्टॅम्प किती, माणसाचे दिवस किती, आणि नवीन प्रपोजलमध्ये 'योजना अंमलबजावणी पाठपुरावा' अशी वेगळी ओळ टाकली. एका फंडरनं मान्य केली. कोणाला तक्ता पाहिजे असेल तर मागा, देते.

जेवण साधं आणि छान, ज्वारीची भाकरी रोज होती. खोल्या स्वच्छ, सहा जणींना एक बाथरूम, सकाळी थोडी ओढाताण होते. मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे आणि संध्याकाळी रिक्षा मिळत नाही, एकट्या येणाऱ्या बायकांना घ्यायला कोणीतरी पाठवा.

कोणी जावं? ज्यांच्या संस्थेला निदान दोन-तीन वर्षं एका प्रश्नावर काम करून झालंय आणि ज्यांच्याकडं गावातली माणसं, नावं, तारखा आहेत त्यांनी नक्की जावं. नुकतीच संस्था रजिस्टर केलीय आणि अजून विषयच ठरला नाही, त्यांनी थोडं थांबावं, तक्ता भरताना भरायला काही नसेल. आणि ज्या संस्थांमध्ये सगळं एकाच माणसावर चालतं तिथल्या त्या माणसानं स्वतः न जाता खालच्या दोघांना पाठवावं, आणि ती परत आल्यावर त्यांच्या हातात रजिस्टर, प्रवासाचे पैसे आणि बोलायची परवानगी द्यावी. आमच्याबरोबर आलेल्या एका संस्थेच्या मुली परत गेल्यावर त्यांना काहीच करू दिलं नाही, त्यातली एक मला अजून फोन करते, तिच्याकडं आमच्यापेक्षा चांगला तक्ता तयार होता.

पाचपैकी चार स्टार. काकांच्या दीड दिवसाला पाच, पीपीटीच्या दुपारला दोन, फोनसाठी एक कापला.

मेच्या बॅचला आमच्याकडून अजून दोघी येताहेत, पैसे भरले आहेत. त्यातल्या एकीचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि बरोबर तिची सासू येणार आहे सांभाळायला, तेव्हा हॉलच्या शेजारची ती छोटी खोली त्यांना द्या आणि सासूबाईंच्या जेवणाचे वेगळे पैसे किती ते एकदा कळवा.